भंगारात घालण्याआधी एकदा बाटली वाचा!

मित्रांनो, छंद म्हटलं की आपली गाडी पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी आणि फार तर काडेपेटीचे छाप इथपर्यंत येते आणि थांबते. एखादा म्हणाला, "मी जुन्या काचेच्या बाटल्या जमवतो," तर हॉस्टेलमध्ये त्याचा अर्थ काय लावला जाईल हे सांगायला नको. रेक्टर सर आधी त्याच्या कॉटखाली वाकून बघतील!

थट्टा सोडा. हा छंद जगात चांगलाच प्रतिष्ठित आहे आणि तो आपण, म्हणजे कऱ्हाड, सातारा, सांगली, मिरज, इस्लामपूर या पट्ट्यात शिकणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी, का उचलावा एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. पटलं तर बघा. नाही पटलं तर मेसमध्ये भांडायला मी आहेच.

आधी अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण या छंदाचं शास्त्र तिथल्या लोकांनी फार मनावर घेऊन केलं. त्यांच्याकडे १७३९ साली न्यू जर्सीत कॅस्पर विस्टार नावाच्या माणसाने काचेचा कारखाना काढला. तो चांगला चालला. पुढे पेनसिल्व्हेनियात स्टीगेल नावाच्या गृहस्थाने सुंदर काचसामान काढलं आणि १७७४ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं. १८२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सँडविच गावात डेमिंग जार्व्हिसने कारखाना टाकला, तो १८८८ पर्यंत चालला. या कारखान्यांतून काय निघालं? दारूच्या चपट्या बाटल्या, औषधाच्या शिश्या, मिठाची भांडी, ताटल्या, पेले. म्हणजे रोजच्या वापरातल्या, फुटल्या तर कुणी रडणार नाही अशा वस्तू. एका प्रकारच्या बाटलीवर तर रुळांवरून गाडी ओढणारा घोडा आहे आणि रेल्वेला यश चिंतणारा मजकूर आहे. रेल्वे नवी होती त्या काळातली ही जाहिरात समजा.

या वस्तू पुढे लोकांनी जमवल्या. पण नुसत्या जमवल्या असत्या तर मी हा लेख लिहिला नसता. जॉर्ज मॅकिअरिन आणि त्यांची मुलगी हेलन या बापलेकीने १९४१ मध्ये अमेरिकन काचेवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात त्या चपट्या बाटल्यांच्या साच्यांचे गट पाडून प्रत्येक साच्याला नंबर दिला. आजही तिथला संग्राहक 'माझ्याकडे गरुडाची बाटली आहे' एवढ्यावर थांबत नाही, गटाचा आणि साच्याचा नंबर सांगतो. म्हणजे आपल्या भाषेत, त्यांनी बाटल्यांना पार्ट नंबर दिले! हे काम कुठल्या सरकारी खात्याने नव्हे, तर छंद म्हणून बाटल्या गोळा करणाऱ्या घरातल्या दोन माणसांनी केलं.

आता आपल्या कामाचा भाग. जुनी काच 'वाचायची' कशी? इथे आपल्यासारख्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांना फायदा आहे, कारण ही सगळी मॅन्युफॅक्चरिंगची व्हायव्हा आहे.

पहिली खूण बुडाची. बाटली फुंकणीवर फुगवली की तिचं तोंड घडवण्यासाठी ती दुसऱ्या बाजूने धरावी लागते. त्यासाठी एका लोखंडी दांडीच्या टोकाला थोडी वितळलेली काच लावून ती बुडाला चिकटवत. काम झालं की झटका देऊन दांडी मोडून काढत. तिथे खरबरीत व्रण राहतो. अमेरिकेत साधारण १८६० च्या आसपास दांडीऐवजी बूड पकडणारा चिमटा सगळीकडे आला आणि साध्या बाटल्यांवरचा हा व्रण जवळजवळ गेला.

दुसरी खूण शिवणीची. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे काचेवर उभी रेघ येते. कास्टिंगमधली पार्टिंग लाइन म्हणा. ही रेघ मानेवर येऊन तोंडाखालीच संपली, तर तोंड हाताने घडवलंय. रेघ थेट ओठावरून पलीकडे गेली, तर बाटली मशिनची. बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र मायकेल ओवेन्सने अमेरिकेतच बनवलं, त्याचं पेटंट १९०४ चं.

तिसरी खूण बोटाने बघायची. साच्यात फुंकलेल्या वस्तूला बाहेर फुगवटा असेल तिथे आत खोलगा लागतो, कारण हवा काचेला साच्याच्या भिंतीवर ढकलते. दाबून केलेल्या, म्हणजे प्रेस केलेल्या वस्तूत आतला आकार दट्ट्याचा आणि बाहेरचा साच्याचा. त्यामुळे बाहेर कितीही नक्षी असली तरी आतून गुळगुळीत. आपल्या कॅन्टीनचा कटिंगचा ग्लास घ्या. बाहेर उभ्या रेघा, आत बोट फिरवा, काही लागत नाही. सँडविचच्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या प्रेस केलेल्या ताटल्यांवर बारीक ठिपक्यांची दाट नक्षी असते. ती नुसती हौस नव्हे. साचा थंड असला की काचेवर सुरकुत्या पडत, त्या झाकायला ती नक्षी उपयोगी पडे. डिफेक्ट जात नाही तर डिझाइनमध्ये लपवा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे!

चौथी खूण रंगाची. वाळूत लोखंड असलं की काच हिरवट दिसते. तो रंग मारायला मँगनीज घालत आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते.

आणि एक गंमत हॉस्टेलवर आजच करून बघा. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा. कुणाकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा. मग मध्ये काचेची वस्तू धरा. काचेत ताण राहिला असेल तिथे उजळ पट्टे दिसतील. काच भट्टीतून काढल्यावर हळूहळू थंड केली नाही तर आत ताण राहतो आणि मग एक दिवस ती आपोआप तडकते. लॅबमध्ये मार्कांसाठी करतो तीच ही फोटोइलॅस्टिसिटी. जुन्या पेल्यावर करून बघितली तर सत्तर वर्षांपूर्वी भट्टीवरच्या माणसाने घाई केली होती की नाही ते कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं झालं, इथे काय आहे? मित्रांनो, इथे जे आहे ते आपल्या नाकासमोर आहे.

कऱ्हाडला रेल्वेने उतरणाऱ्यांनो, तुम्ही उतरता ते ओगलेवाडीत. हे नाव कुठून आलं याचा कधी विचार केलाय? १९१६ साली ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने इथे काच कारखाना उभारला आणि त्याच्याभोवती वस्ती झाली. इकडे सांगलीच्या बाजूला १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडीही औंधच्याच जमिनीवर. किर्लोस्करवाडी सगळ्यांना माहीत, कारण तिथे आपण इंडस्ट्रिअल व्हिजिटला जातो. ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, त्यामुळे तिथे आपण फक्त गाडी पकडायला जातो. पण ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील एकेकाळी घरोघर होता. वडिलांच्या नावावरून त्यांनी ते नाव दिलं. बाजारात जर्मन कंदील होते, न्यूयॉर्कच्या डिट्झ कंपनीचे होते, त्यांच्यासमोर हा आपल्या जिल्ह्यात बनलेला कंदील उभा राहिला. आपल्या आज्या संध्याकाळी राखेने आणि कागदाने जी काच पुसत होत्या, ती कित्येक घरांत इथल्या भट्टीतली असणार.

त्याच्याही मागे जायचं तर तळेगाव दाभाडे. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला आणि तिथे काचेचं काम शिकवायला सुरुवात झाली. शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये आणि अमेरिकेत एम.आय.टी.त शिकून आले होते. आजही एम.एस.ला अमेरिकेला जाणारे आपल्यात आहेतच. वार्ष्णेय गेले, शिकले, परत आले आणि एकेका पैशावर उभ्या राहिलेल्या भट्टीसमोर उभे राहिले. यावर मी जास्त भाषण देत नाही.

तर मुद्दा असा. अमेरिकेत विस्टार आणि स्टीगेलच्या बाटल्यांना म्युझियम आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगला तर १९५१ पासून फक्त काचेचं संग्रहालय आहे. आपल्याकडे पैसा फंडाच्या आणि ओगलेवाडीच्या काचेचं पद्धतशीर कपाट तुम्ही कुठल्या कॉलेजात बघितलंय? आपल्या कॉलेजात तर नाही. आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना ओगलेवाडीला काच होत होती हेच माहीत नाही.

आणि इथेच खरी गोम आहे. वर मी ज्या चार खुणा सांगितल्या, त्यांवरून अमेरिकेतली बाटली ढोबळमानाने कुठल्या काळातली ते सांगता येतं. त्यांच्याकडे तसे तक्ते छापलेले आहेत. पण ते तक्ते आपल्या बाटलीला लावले की गडबड होते. बुडाला व्रण दिसला म्हणून 'बापरे, १८५० ची!' असं म्हणता येत नाही. आपल्याकडे हाताने फुंकायचं काम विसाव्या शतकातही जोरात चालू होतं. फिरोजाबादला तर आजही तोंडाने काच फुंकणारे कारागीर आहेत. म्हणजे तीच खूण तिकडे दीडशे वर्षांपूर्वीची आणि इकडे आपल्या आजोबांच्या लग्नातली! आपल्या काचेचा तक्ता वेगळा लागणार आणि तो अमेरिकेतून येणार नाही. आपल्याकडे या विषयात कुणी काम केलं नाही असं नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये काढला. पण तो भर प्राचीन आणि मध्ययुगीन काचेवर. कंदिलाची काच, गोटी सोड्याची बाटली, कंपाउंडरच्या मिक्श्चरची शिशी यांचा तक्ता कुणी करायचा?

माझं म्हणणं, आपणच. कारण तीन आहेत.

एक म्हणजे वस्तू अजून आहेत. माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, बंद पडलेल्या किराणा दुकानात. मिरज तर दवाखान्यांचं गाव. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून त्या गावात औषधाच्या किती शिश्या आल्या असतील, हिशोब करा. गोटी सोड्याची बाटली घ्या. लंडनच्या हायरम कॉडने १८७० च्या सुमारास काढलेली ही कल्पना. बाटली उलटी करून भरायची, आतला गॅस गोटीला वर रबरी कडीवर दाबून धरतो. ना बूच ना झाकण, प्रेशरच स्वतःला बंद करतं. ओतताना गोटी मानेतल्या खाचेत अडकून बाजूला राहते. व्हॉल्व्हचं इतकं स्वस्त आणि सुंदर उदाहरण पुस्तकात नाही. जुन्या बाटल्यांवर सोडा फॅक्टरीचं नाव उठावात असतं. नावासकट बाटली म्हणजे त्या गावच्या धंद्याचा पुरावा.

दुसरं, वस्तू फार दिवस राहणार नाहीत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठची घरं धुऊन काढली. पूर ओसरल्यावर घर साफ करताना माळ्यावरचा कंदील कोण जपून ठेवणार? वाडे पाडून अपार्टमेंट होतायत. भंगारवाला कंदिलाच्या पत्र्याचं वजन करतो, काच तिथेच फोडून टाकतो. त्याचा दोष नाही, त्याचं पोट त्यावर आहे. आणि वस्तूंपेक्षा माणसं लवकर जातात. ज्यांनी तरुणपणी ओगलेवाडीच्या भट्टीवर काम केलं ते आता म्हातारे झालेत. कुठला साचा कशाचा, कच्चा माल कुठून येई, पाळी किती तासांची, भाजलं तर काय लावत, हे त्यांना माहीत आहे. ते कुठल्या तक्त्यात नाही.

तिसरं, आपण रिकामे आहोत. रागावू नका. सबमिशनचे पंधरा दिवस सोडले तर आहोतच!

आता यावर आक्षेप येतील. रूममेट्सकडून आलेले इथेच निकालात काढतो.

"हा पैसेवाल्यांचा छंद." अजिबात नाही. विकत घ्यायचं असेल तर तसा आहे, अमेरिकेत एकेका बाटलीला डोळे पांढरे होतील अशी किंमत येते. आपल्याला विकत घ्यायचंच नाही. किंमत आली की नकलाही येतात, मुद्दाम बुडाला व्रण केलेल्या नव्या बाटल्या 'अँटिक' म्हणून विकणारे जगभर आहेत. शिवाय एखाद्या आजीला दोनशे रुपये देऊन तिचा कंदील उचलून आणायचा, हे मला पटत नाही. वस्तू तिच्या घरी राहू दे. आपण फोटो काढू, व्हर्नियरने मापं घेऊ आणि तिला विचारू की हा कधी, कुठून आणला. तिने आपणहून दिला तरच घ्यायचा, तोही तिच्या नावाची चिठ्ठी लावून.

"कचरा गोळा करून काय मिळणार?" पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर काय गोळा केलं? दिवे, अडकित्ते, लामणदिवे, स्वयंपाकघरातली भांडी. लोकांना कचरा वाटल्या असतील अशाच वस्तू. आज राजा केळकर संग्रहालय बघायला तिकीट काढून लोक येतात. आपल्याच जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभं केलं. ते राजे होते, आपण नाही, हे मान्य. पण कपाट तर एकच लागतं.

"प्लेसमेंटला उपयोग काय?" हा सगळ्यात आवडता प्रश्न. इंटरव्ह्यूमध्ये 'हॉबीज' या रकान्यात आपण सगळे 'रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक' लिहितो आणि समोरचा जांभई देतो. वस्तू हातात घेऊन ती कशी बनली, कुठे चुकली, का बदलली हे सांगता येणं याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. त्यासाठी कंपन्या पगार देतात.

"फुटली तर?" फुटेल. काच आहे. म्हणूनच आधी नोंद करायची, मग हाताळायची.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोंद नसलेला संग्रह म्हणजे हौस आहे, भंगारवाल्याच्या गाडीपेक्षा थोडी स्वच्छ, एवढाच फरक. कुठे मिळाली, कुणाच्या घरी होती, कशासाठी वापरत, बुडाला काय, शिवण कुठवर, उंची, वजन, रंग, उठावातली अक्षरं. एका वस्तूला एक पान. शंभर पानं झाली की रांगा लागायला लागतील. ही शिवण आणि हे अक्षर नेहमी बरोबर येतंय, हा साचा फक्त कऱ्हाडच्या बाजूला सापडतोय, असं दिसायला लागेल. त्यातूनच आपला तक्ता तयार होईल. मॅकिअरिन बापलेकीने यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं.

मग करायचं काय? माझ्या मागण्या छोट्या आहेत. प्राचार्य सरांनी लायब्ररीच्या पॅसेजमध्ये एक काचेचं कपाट द्यावं, कुलपासकट. एन.एस.एस.च्या हिवाळी शिबिरात खड्डे खणून झाल्यावर संध्याकाळी दोन तास घरोघर फिरून जुन्या काचेची नोंद करायला परवानगी द्यावी. मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनच्या सरांनी एखादा मिनी प्रोजेक्ट यावर घेऊ द्यावा. प्रत्येक वर्षी तोच तो सोलर कुकर बघून तेही कंटाळले असतील. आणि मुलांनी दिवाळीला घरी गेल्यावर माळ्यावर एक चक्कर मारावी, आई सांगतेच आहे साफसफाई करायला.

दोन सूचना मात्र पाळा. बंद कारखान्याच्या आवारात शिरून उकरायला जाऊ नका. ती दुसऱ्याची जागा आहे आणि तिथे हातपाय कापायला काच भरपूर आहे. जुन्या औषधाच्या शिशीत काही शिल्लक असेल तर उघडून वास घेऊ नका. शौर्य दाखवायला ट्रेकिंग आहे.

२०२२ हे वर्ष युनोने आंतरराष्ट्रीय काच वर्ष म्हणून साजरं केलं. ज्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी काचेची भट्टी पेटली होती, तिथल्या आपल्या कॉलेजात त्या वर्षी एक पोस्टरही लागलं नाही. पुढच्या वार्षिकांकात यावर कुणी लेख लिहिला, तर त्यात मतं कमी आणि नोंदी जास्त असाव्यात. पहिल्या पन्नास पानांची वही मी आणून ठेवली आहे, रूमवर. कंदील, बरणी, शिशी, पेला, जे असेल त्याचा फोटो आणि माप घेऊन या. चहा माझ्याकडून, कटिंगच्याच ग्लासात!

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी